मिठाची वाट आणि लमाणाचा कुत्रा

गेल्या पौषांत आम्ही अलिबागेहून धारूरास गेलों. नोकरीमुळें आमचें बिऱ्हाड समुद्रकांठीं असलें, तरी मूळ घर बालाघाटाच्या डोंगरावरचें. आणि वडिलांच्या वर्षश्राद्धास तेथें पोंचणें अवश्य होतें. मागें कुत्र्यास सांभाळणारें कोणी नव्हतें. त्याला कोठें तरी ठेवावें असें आम्ही म्हणत होतों. पण महाप्रस्थानांत हस्तिनापुरापासून स्वर्गद्वारापर्यंत बरोबर आलेला कुत्रा धर्मराजानें सोडला नाहीं, ही गोष्ट सौभाग्यवतींनीं ऐन वेळीं काढली, आणि इतिहास शिकविणारा मनुष्य पुराणापुढें निरुत्तर झाला. कुत्रा मागच्या बैठकीवर बसला व गाडी निघाली.

पेणेच्या आसपास रस्त्याच्या कडेस मिठागरें लागतात. आतां तीं थोडींच उरलीं आहेत. तीं पाहतांना मनांत आलें कीं, आपण ज्या वाटेनें घरीं चाललों आहों, ती मूळची मिठाची वाट आहे. देशावर मीठ पिकत नाहीं. बालाघाटावरच्या ज्वारीच्या भाकरींतील मीठ कोणी तरी समुद्रावरून पाठीवर वाहून आणल्याखेरीज तेथें यावयाचें नाहीं. तें आणणारे लोक कोण, हें त्यांच्या नांवांतच आहे. लमाण हा शब्द लवण शब्दाशीं जोडतात, आणि ती व्युत्पत्ति आम्हांस पटते. हेच लोक बंजारा म्हणूनही ओळखले जातात; ते स्वतःस गोर म्हणवितात.

वाट तर फार जुनी आहे. धारूरच्या दक्षिणेस तेर गांव आहे, तेंच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत पैठण हें भडोचेपासून वीस दिवसांच्या वाटेवर व तगर तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें आहे. पैठणाहून जुन्नर, जुन्नरवरून नाणेघाट, आणि घाट उतरला कीं कल्याण, हा सातवाहनांचा राजमार्ग. आम्ही शेजारच्या माळशेज घाटानें चढलों. वर थंडी कडक होती. कुत्रा पांघरुणांत शिरला तो आळेफाट्यापर्यंत दिसला नाहीं.

सुमारें तीनशें मैलांचा हा प्रवास आमचा एका दिवसांत झाला. तांड्याची चाल निराळी. पीटर मंडी नांवाच्या इंग्रजास १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. हे लोक दिवसाकाठीं सहा-सात मैलांपलीकडे जात नाहींत, असें त्यानें लिहिलें आहे. त्या हिशेबानें समुद्रापासून धारूरापर्यंत दीड महिना होतो. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयीं सांगतो, आणि मीठ, भात, धान्य व कडधान्य यांपैकीं एकेक जिन्नस वाहणाऱ्या त्यांच्या चार जाती होत्या असेंही म्हणतो. पाऊस सरला, नद्यांस उतार पडला, कीं तांडा निघे. आणि पुढचा पाऊस लागण्यापूर्वीं मुक्कामास परते. म्हणजे हिंवाळा हा त्यांचा वाटेवरचा काळ. रात्रीं गोण्यांची भिंत रचावी, आंत बायकापोरें व गुरें घ्यावीं, आणि भिंतीबाहेर कुत्रे सोडावे. सडपातळ अंगाचा, लांब पायांचा कारवान कुत्रा आज शिकारीसाठीं व शोभेसाठीं पाळतात. त्याचें नांवच काफिल्याचें आहे, हें पाळणाऱ्यांच्याही ध्यानीं नसतें.

आमच्या धारूरच्या किल्ल्याचा इतिहास लढायांचा म्हणूनच सांगतात. विजापूरच्या किश्वरखानानें १५६७ च्या सुमारास तो बांधला. दोन वर्षांत मुर्तजा निजामशहानें घेतला, त्यांत किश्वरखान पडला. १६३१ च्या आरंभीं मोंगलांचा सरदार आजमखान यानें तो निजामशाहीकडून जिंकला, व पुढें त्यास फतेहाबाद हें नांव मिळालें. एवढें लहानपणीं आम्हांस पाठ होतें. परंतु त्यापुढची हकीकत कोणी सांगितली नाहीं. धारूर घेऊन आजमखान परांड्यावर गेला. तें वर्ष महादुष्काळाचें, तुकोबांनीं ज्यांत घरचीं माणसें गमावलीं तेंच. परांड्याभोंवतीं कित्येक कोस गवताची काडी मिळेना. वेढा उठवून विजयी फौज धारूराकडे परतली. तोफा होत्या, दारूगोळा होता. बैल व वैरण नव्हती. किल्ला तलवारीनें घेतां येतो, पण तो राखावयास गोण्या लागतात.

म्हणूनच त्याच दक्षिणेच्या मोहिमांत वजीर आसफखानानें भंगी व जंगी या दोन नाइकांस ताम्रपट दिला, अशी बंजाऱ्यांची परंपरा आहे. पाणी न मिळाल्यास लोकांच्या रांजणांतलें घ्यावें, गवत न मिळाल्यास छपराचें घ्यावें, दिवसास तीन खून माफ; मात्र वजिराचे घोडे असतील तेथें नाइकांचे बैल पोंचलेच पाहिजेत, असा त्याचा आशय. या ताम्रपटाचा उल्लेख वऱ्हाडांतील इंग्रज अधिकाऱ्यांनींही केला आहे. अक्षरशः तो खरा असो वा नसो, बैलांवांचून वजिराचें चालत नव्हतें हें त्यांतून दिसतेंच. वेलस्लीनें १८०३ च्या ऑगस्टांत अहमदनगर घेतलें, तेव्हां त्याच्या सैन्याची भिस्तही अशाच तांड्यांवर होती.

बोरघाटांतून १८६३ सालीं व थळघाटांतून १८६५ सालीं आगगाडी देशावर चढली, आणि मीठ डब्यांतून येऊं लागलें. बैल बसले. त्यानंतर सहा-आठ वर्षांतच, १८७१ सालीं, जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला. आणि पुढें निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या शाखा त्याच्या यादींत चढल्या. कायदा रद्द झाला १९५२ सालीं. आणि गंमत अशी कीं, ज्या आगगाडीनें हें सारें केलें ती खुद्द बीडास पोंचावयास २०२५ साल उजाडावें लागलें.

लमाणांच्या कुत्र्याची एक कथा आहे. एका बंजाऱ्यानें सावकाराकडून कर्ज घेतलें व तारण म्हणून आपला कुत्रा ठेवला. सावकाराच्या घरीं चोरी झाली. कुत्र्यानें चोरांचा माग काढून लपविलेलें धन दाखविलें. संतुष्ट होऊन सावकारानें कर्ज फिटल्याची चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यांत बांधली व त्यास सोडलें. इकडे बंजारा पैसे घेऊन निघाला होता. वाटेंत कुत्रा धांवत येतांना दिसला. आपला शब्द यानें मोडला, या संतापानें त्यानें त्यास ठार केलें. चिठ्ठी मागाहून दिसली. छत्तीसगडांत बालोद जिल्ह्यांतील खपरी गांवीं कुकुरदेवाचें देऊळ आहे, तेथें ही कथा सांगतात. वेल्समध्यें गेलर्ट कुत्र्याची अशीच कथा आहे, व आपल्या पंचतंत्रांतील ब्राह्मणी व मुंगूस हें त्यांचें जुनें भावंड. विद्वान लोक या साऱ्यांची वंशावळ लावतात, लावोत बापडे. आम्हांस फरक महत्त्वाचा वाटतो. इतर दोन्ही कथांत लेंकराचा प्राण पणास लागतो. लमाणांच्या कथेंत पत. ज्यांच्यापाशीं जमीन नव्हती, घर नव्हतें, त्यांनीं तारण ठेवावयाचें काय, तर शब्द पाळणारा कुत्रा. अशा लोकांस यादींत घालून चोर म्हटलें गेलें.

आणि आम्ही तरी काय केलें? धारूरच्या आमच्या वाड्यांत, 'लमाण आले, दार लावा,' हें वाक्य आम्ही लहानपणीं शंभरदां ऐकलें आहे. त्या बायका जळणाच्या मोळ्या विकावयास येत. दाराआड उभे राहून आम्ही त्यांचे आरशांचे घागरे पाहत असूं. मोळी उतरवून घेण्यास दार किलकिलें होई, पैसे उंबऱ्यावर ठेवले जात, आणि पुन्हां कडी. आजी मनानें वाईट नव्हती. तिनें त्यांना कधीं पाणी मात्र विचारलें नाहीं.

ओतूराच्या पुढें उसाच्या फडाजवळ चहासाठीं थांबलों. फडाकडेला पाचटाच्या कोप्या होत्या, आणि एका बैलगाडीखालीं दोरीनें बांधलेला कुत्रा होता. तो आमच्याकडे पाहून गुरगुरला. आमचा गाडींतूनच भुंकला. कोपीपुढें शेकत बसलेला एक म्हातारा उठून आला.

"कुठले बाबा तुम्ही?" आम्ही विचारलें.

"लई लांबचं सायेब. बीडाकडं, धारूर तालुका. तांड्यावरचे."

आम्ही धारूरचेच, असें सांगितल्यावर त्यानें आमच्या गाडीकडे व मग आमच्याकडे पाहिलें. दिवाळी झाली कीं ते निघतात. चैत्राच्या सुमारास परततात. मिठाचें आम्ही विचारलें.

"मिठाचं काय ठावं नाय. आजा बैल लई पाळायचा, येवढं ऐकलंय."

त्याच्या नातवानें एव्हांना गाडीची काच खालीं करवून आमच्या कुत्र्यास उसाचें कांडें दिलें होतें, व तो तें हुंगून न खातां तोंडांत धरून बसला होता. म्हाताऱ्यानें पाणी विचारलें. आम्ही तें प्यालों. मग अंधार पडावयाच्या आंत नगर गांठावें म्हणून निघालों; धारूरचा घाट चढलों तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती.