मनमाडला गाडी बदलणारा पक्षकार : औरंगाबाद खंडपीठाचा लढा आणि वकील संघांचा आवाज

१/ २७ ऑगस्ट १९८१. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश या दिवसापासून औरंगाबाद येथेही बसतील, असा आदेश मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी काढला. त्यामागे पाव शतकाची मागणी होती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारा वाद होता. आजच्या छत्रपती संभाजीनगरातील खंडपीठाची ही जन्मकथा.

२/ या कथेत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. वकिलांच्या संघाने समाजाशी बोलावे कसे? अमेरिकेत वकील संघटनांकडे जनसंपर्काचे काम पाहणारे पगारी कर्मचारी असतात आणि त्यांच्या स्वतंत्र व्यावसायिक परिषदाही भरतात. मराठवाड्यातील वकिलांपाशी यातले काहीच नव्हते. त्यांच्या हाती होते ते ठराव, निवेदने आणि वृत्तपत्रांचे स्तंभ.

३/ प्रारंभ निजामाच्या राज्यातून करावा लागतो. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. वरिष्ठ न्यायालय हैदराबादला आणि न्यायालयाची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा जमिनीचा दावा उर्दूत लिहिला जाई, उर्दूत चाले आणि त्याचा निकालही उर्दूत लागे. आपल्याच खटल्यात काय घडले, हे त्याला वकील सांगेल तेव्हाच कळे.

४/ त्यामुळे वकील हा नुसता कायद्याचा जाणकार राहिला नाही. राज्यसत्ता आणि रयत यांच्यातला तो दुभाषी झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात वकीलवर्गातून अनेक कार्यकर्ते पुढे आले, याचे एक कारण येथे सापडते. १९४८ साली रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ संस्थानातील अनेक वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला. आपल्या रोजच्या मिळकतीवर पाणी सोडून केलेला तो निषेध होता, म्हणून लोकांच्या मनात त्याला वजन होते.

५/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. मराठी माणूस मराठी माणसाला जोडला गेला, हा आनंदाचा क्षण होता. मात्र त्याच दिवशी मराठवाड्याचे उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेले.

६/ नकाशा डोळ्यांसमोर आणा. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड आणि पुढे सिकंदराबाद, असा हा निजामकालीन लोहमार्ग मीटर गेजचा. नांदेडचा पक्षकार हैदराबादला याच मार्गाने जाई. आता त्याला उलट्या दिशेने मनमाडला यावे लागे, तेथे उतरून ब्रॉडगेजची गाडी धरावी लागे आणि मग मुंबई. एकूण अंतर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक. बीड शहरात तर त्या काळी रेल्वेच नव्हती.

७/ ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. येथे ती पायरी चढण्याआधीच दोन-तीन दिवसांचा प्रवास, मुंबईतील मुक्काम, अनोळखी वकिलाची फी आणि बुडालेली शेतीची कामे यांचा हिशेब मांडावा लागे. त्यात सुनावणी पुढे ढकलली गेली, तर हा सगळा खर्च पुन्हा.

८/ उच्च न्यायालयात जाणारी प्रकरणे तरी कोणती? हैदराबाद कूळ कायदा १९५० चा. त्याखालील कुळांचे वाद वरच्या पातळीवर उच्च न्यायालयातच संपत. जायकवाडी धरणासाठी हजारो एकर जमीन गेली. वाढीव मोबदल्याची अपिले तेथेच. शिक्षकाची बडतर्फी, कर्मचाऱ्याची नोकरी, शासनाच्या आदेशाविरुद्धची रिट याचिका, सर्वांची वाट मुंबईचीच. खालच्या न्यायालयात हरलेला गरीब माणूस कित्येकदा तेथेच थांबे. आपली बाजू चुकीची आहे, असे पटल्यामुळे नव्हे. पुढे जाण्याचे भाडे परवडत नाही, म्हणून.

९/ आता एक महत्त्वाची तुलना. द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले तेव्हा मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी नागपूर आणि राजकोट येथेही न्यायाधीश बसतील, अशी व्यवस्था केली. आधार होता राज्यपुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१, पोटकलम (३). नागपूरला पूर्वीपासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते आणि सौराष्ट्रालाही होते. मराठवाड्याच्या भूमीवर असे न्यायपीठ नव्हते, म्हणून त्याच्या वाट्याला काही आले नाही.

१०/ १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ ने नागपूरचे न्यायपीठ कायद्यानेच पक्के केले. १९५३ च्या नागपूर कराराचे भान त्यामागे होते. त्या करारावर मराठवाड्याच्या प्रतिनिधींच्याही सह्या होत्या. विदर्भाला मिळाले, मग मराठवाड्याला का नाही? येथून खंडपीठाच्या मागणीला धार आली.

११/ मागणी पुढे नेणाऱ्यांत वकील अर्थातच आघाडीवर होते. आणि येथेच त्यांची अडचण होती. उच्च न्यायालय औरंगाबादला आले, तर येथील वकिलांचे काम वाढणार, हे उघड होते. ‘हा वकिलांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे’ असे म्हणून कोणीही ही मागणी निकाली काढू शकला असता.

१२/ शिवाय वकिली हा इतर धंद्यांसारखा धंदा नाही. अधिवक्ता कायदा १९६१ चा. त्याखालील भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांत नियम ३६ वकिलाला जाहिरातबाजी करून काम मिळवण्यास मनाई करतो. एकट्या वकिलाने आपल्या कामाचा डंका पिटणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग ठरतो. सार्वजनिक प्रश्नावर बोलण्यासाठी त्याच्यापाशी स्वाभाविक जागा उरते ती त्याच्या संघाची. म्हणून बार असोसिएशनचा ठराव वरकरणी रुक्ष दिसला, तरी त्याचे मोल मोठे असते.

१३/ मराठवाड्यात या आवाजाला सोबत मिळाली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाने रेल्वे, सिंचन, उद्योग आणि शिक्षण यांतील अनुशेष ऐरणीवर आणला. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषद आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालील ‘मराठवाडा’ हे वृत्तपत्र यांनी प्रदेशाच्या प्रश्नांना भाषा दिली. रेल्वेचे रुंदीकरण आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ या दोन मागण्या एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत, हे लोकांना उमगू लागले.

१४/ मागणीचा सूर त्यामुळे बदलला. वकिलांच्या सोयीची गोष्ट मागे पडली आणि पक्षकाराचे अंतर पुढे आले. मार्च १९७८ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने एकमताने ठराव केला. औरंगाबाद आणि पुणे येथे कायमस्वरूपी खंडपीठे स्थापन करावीत, अशी विनंती राष्ट्रपतींना करण्याची शिफारस त्यात होती. कारण दिले होते ते लोकांचा न्यायालयीन कामाचा प्रचंड खर्च आणि गैरसोय टाळण्याचे. ठरावात वकिलांचे हित हा मुद्दाच नव्हता.

१५/ ठराव झाला, पण खंडपीठ आले नाही. कलम ५१ (२) प्रमाणे कायमस्वरूपी खंडपीठाचा आदेश राष्ट्रपतींचा असतो. त्यासाठी राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय लागतो आणि केंद्र शासनाचा निर्णय लागतो. सरकारे बदलली, मुख्य न्यायमूर्ती बदलले, पत्रव्यवहार लांबत गेला. मुंबई आणि दिल्ली यांच्यामध्ये फाइल फिरत राहिली.

१६/ १९८१ मध्ये बॅ. अ. र. अंतुले यांच्या मंत्रिमंडळाने औरंगाबादच्या खंडपीठासाठी पुन्हा पाऊल उचलले. केंद्राच्या निर्णयाला वेळ लागत आहे, हे दिसल्यावर दुसरी वाट पुढे आली. तीच जुनी, १९५६ साली छागलांनी वापरलेली वाट : कलम ५१ (३). राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती स्वतःच न्यायाधीशांच्या बैठकीचे अन्य ठिकाण ठरवू शकतात. मुख्य न्यायमूर्ती देशपांडे यांनी या अधिकारात मराठवाड्याच्या प्रकरणांसाठी औरंगाबाद हे ठिकाण नेमले.

१७/ आणि लगेच आव्हान आले. नारायण श्यामराव पुराणिक व इतर यांनी उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मुद्दे गंभीर होते. १९५६ च्या कायद्यातील कलम ५१ हे त्या वेळच्या संक्रमणापुरते होते, १९६० नंतर ते लागू उरते काय? कायमस्वरूपी खंडपीठ देण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा असताना मुख्य न्यायमूर्ती मागच्या दाराने तेच घडवू शकतात काय? मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला.

१८/ राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण श्यामराव पुराणिक’ हे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावे लागते. ऑक्टोबर १९८२ मधील निकालपत्रात न्या. ए. पी. सेन यांनी कलम ५१ ची उकल केली. हे कलम महाराष्ट्राला लागू आहे. पोटकलम (२) आणि (३) मधील अधिकार परस्परांहून वेगळे आणि स्वतंत्र आहेत. राष्ट्रपतींपुढचा प्रस्ताव प्रलंबित असला, तरी मुख्य न्यायमूर्तींना आपला अधिकार वापरता येतो. औरंगाबादचा आदेश वैध ठरला.

१९/ १९८४ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने हे खंडपीठ कायमस्वरूपी झाले. मराठवाड्याबरोबर अहमदनगर, धुळे आणि जळगाव हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आले. पुढे नंदुरबार आणि हिंगोली हे नवे जिल्हे झाले आणि आज बारा जिल्ह्यांची प्रकरणे जालना रस्त्यावरील या न्यायालयात येतात. नांदेडहून निघालेल्या पक्षकाराला मनमाडला गाडी बदलण्याची गरज उरली नाही.

२०/ या यशाला एक उणी बाजूही आहे. १९७८ च्या ठरावातील दुसरे नाव, पुणे, ठरावातच राहिले. दक्षिण महाराष्ट्र आणि तळकोकणातील वकिलांनीही पुढे दीर्घ काळ खंडपीठाची मागणी केली. कामकाजावर बहिष्कार हे त्यांचे वारंवार वापरले गेलेले हत्यार होते. मात्र १९४८ चा बहिष्कार परक्या सत्तेविरुद्ध होता. स्वतंत्र देशात न्यायालय बंद पडले की पहिला फटका त्याच पक्षकाराला बसतो, ज्याच्या नावाने मागणी केली जाते. कोठडीतल्या आरोपीचा जामीन लांबतो, पोटगीची तारीख पुढे जाते.

२१/ सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २००२ रोजी कॅप्टन हरीश उप्पल प्रकरणात नेमके हेच तोलले. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वेळी निषेध कसा नोंदवता येईल, याचे मार्गही दाखवले : वृत्तपत्रांना निवेदने, दूरचित्रवाणीवर मुलाखती, न्यायालयाच्या आवाराबाहेर फलक, दंडावर काळ्या फिती, शांततामय मोर्चे, धरणे, साखळी उपोषण. हात थांबवू नका, तोंड उघडा, असाच त्याचा अर्थ. वकील संघांसाठी जनसंपर्क हे यापुढे हौसेचे काम राहिले नाही.

२२/ आणि मग १७ ऑगस्ट २०२५. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. आदेश मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांचा. आधार? तोच. कलम ५१, पोटकलम (३). छागलांनी १९५६ मध्ये वापरलेले आणि औरंगाबादने सर्वोच्च न्यायालयात टिकवून दाखवलेले.

२३/ औरंगाबादच्या लढ्याचे मर्म येथे आहे. कायद्यातील तरतूद १९५६ पासून होतीच. तिच्या वापराला पंचवीस वर्षे लागली, कारण एका व्यवसायाची मागणी ही एका प्रदेशाची मागणी आहे, हे पटवून द्यायला तेवढा काळ गेला. वकिलांच्या ठरावातील वाक्य विधानसभेच्या ठरावात उतरले, तेव्हा त्यातला कर्ता बदललेला होता. ‘आम्हाला’ गेले होते आणि ‘लोकांना’ आले होते.

२४/ या इतिहासाची साधने अजून विखुरलेली आहेत. जिल्ह्या-तालुक्याच्या वकील संघांची इतिवृत्ते, ठरावांच्या वह्या, निवेदनांच्या प्रती, जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे बार रूमच्या कपाटांत पिवळी पडत आहेत. राजांच्या सनदा जपल्या जातात, तशा या वह्याही जपल्या पाहिजेत. मराठवाड्यातल्या ज्या तरुणाचे आजोबा कधीकाळी अपिलासाठी मुंबईला गेले असतील, त्याने घरातली जुनी ट्रंक उघडावी. तारखेचा एखादा कागद आणि मनमाडपर्यंतच्या तिकिटाचा खर्च लिहिलेली चिठ्ठी तेथे असू शकेल. खंडपीठ का हवे होते, याचा तो अस्सल पुरावा.