खर्ड्याचा किल्ला आणि गढ्यांची पांढरी माती

खर्डा म्हटलं की आपल्याला १७९५ ची लढाई आठवते आणि आता किल्ल्यासमोरचा ७४ मीटरचा भगवा. किल्ला बांधला कुणी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

बांधला सुलतानजी निंबाळकरांनी, अठराव्या शतकाच्या मध्यावर. हे घराणं आधी शाहू छत्रपतींच्या सरलष्करीवर होतं, नंतर निजामाकडे गेलं. कमेंटमध्ये 'गद्दार' लिहायच्या आधी जरा थांबा. त्या काळचा सरदार वतन राखेल त्याची चाकरी करायचा. करमाळ्याचे रावरंभाही निंबाळकरच, तेही निजामाकडेच. आणि फलटणचे निंबाळकर म्हणजे सईबाईंचं माहेर. आडनाव एक, छावण्या दोन!

११ मार्च १७९५ ला पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले एकत्र लढले. निजाम अलीने पळ काढला आणि आसरा घेतला तो याच किल्ल्यात. शेवटी दौलताबादचा किल्ला आणि कोट्यवधींची खंडणी कबूल करून सुटला. म्हणजे आज आपण ज्या किल्ल्यावर विजयाची भाषणं ठोकतो, तो त्या दिवशी समोरच्या बाजूला होता.

जपानमध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार १८७६ साली एका हुकुमाने गेली, तनखेही त्याच वर्षी बंद झाले. आपल्याकडे असं एका दिवसात झालं नाही. १८१८ ला पेशवाई बुडाली, तलवारीला काम उरलं नाही. १८७८ च्या कायद्याने हत्याराला परवाना लागू झाला. देशमुखी-कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, वंशपरंपरेची पाटीलकी १ जानेवारी १९६३ ला. मला विचाराल तर वतनं गेली ते बरंच झालं. त्या वतनांखाली किती जण भरडले गेले, हे गावकुसाबाहेरच्यांना विचारा.

पण कायद्यापेक्षा जास्त वाटण्यांनी खाल्लं. दर पिढीला जमिनीचे तुकडे, त्यात जामखेड-कर्जतचा पाऊस! आपल्या जिल्ह्यातल्या अशा कितीतरी सरदार घराण्यांत आज चार-दोन एकर ज्वारी-तूर आणि एक पोरगा चाकणला कंपनीत. लग्नपत्रिकेवर 'सरदार' अजून छापतात, तेवढंच.

गढ्यांचं तर बोलूच नका. बुरूज पांढऱ्या मातीचे, ती माती लोकांनी धाब्यांवर टाकायला नेली. सागवानी दरवाजे, खांब जुनं सामान घेणाऱ्यांना विकले गेले, ते आता कुठल्या तरी हॉटेलात 'मराठमोळी' शोभा देत असतील. झेंड्याला माझा विरोध नाही. पण त्याच उत्साहातला थोडा पैसा पडक्या गढ्यांच्या नोंदीसाठी निघाला असता तर?

आणि सगळ्यात वाईट हाल कागदांचे. सनदा, महजर, वाटणीपत्रं, सगळं मोडीत. घरात कुणाला वाचता येत नाही, म्हणून ट्रंकेत वाळवी खाते नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत बंबात जातं. मोजणीच्या भांडणात उपयोगी पडेल म्हणून काही जण दाखवतही नाहीत.

ज्यांच्या घरी असे रुमाल आहेत, त्यांनी जाळू नका, भंगारात घालू नका. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. मूळ कागद द्यायचा नसेल तर निदान मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढून ठेवा. मोडी वाचणारे अजून आहेत.