धीर कुणाचा मोजायचा?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. पाणी ओसरल्यावर मी विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठच्या एका वस्तीत गेलो. आघातानंतर सावरण्याचा विश्वास मोजणारी नऊ प्रश्नांची एक पट्टी आहे. चार्ल्स बेनाइट आणि सहकाऱ्यांनी ती २०१५ मध्ये मांडली. 'मुळीच जमणार नाही' म्हणजे १, 'पूर्ण जमेल' म्हणजे ७. एका म्हातारीने मलाच विचारले, "लेकरा, माझा धीर मोजतोस, पण घर पडलं तवा दारात कोण आलं, ते कुठं लिवायचं?" माझ्या कागदावर तशी जागा नव्हती.

तिचा प्रश्न मला साताऱ्याच्या इतिहासाकडे घेऊन गेला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. पुढच्या वर्षी हा मुलगा घरच्या मुलांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली, गाडीवान बाजूने चालला. फराळ सोबत होता, पण पाणी मिळाले नाही म्हणून मुले उपाशी झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः नोंदवले आहे.

त्या रात्री या मुलाने पट्टीवर १ लिहिला असता, तर तो आकडा कुणाचा? मुलाच्या मनाचा, की पाणी नाकारणाऱ्या समाजाचा?

या पट्टीमागचा विचार अल्बर्ट बांडुरा यांचा. १९७७ मध्ये त्यांनी सांगितले की असा विश्वास जन्मजात नसतो. स्वतः केलेल्या कामातून, आपल्यासारख्या माणसाला जमलेले पाहून, दुसऱ्याच्या शब्दाने तो घडतो. म्हणजे तो मिळावा लागतो. आपल्या समाजात तो मिळण्याच्या वाटाच जातीने अडवल्या होत्या. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसे एकत्र गेली, पाणी प्यायली. एकट्याच्या कागदावर कदाचित १ पडला असता; समूहाने मात्र ती वाट मोकळी केली. बांडुरा यांनीही पुढे सामूहिक क्षमतेचा विचार मांडला.

पट्टी टाकून द्या, असे मी म्हणत नाही. कुणाला आधी आधार द्यायचा, हे तिच्यावरून कळू शकते. पण धोका दोन्ही टोकांना आहे. कमी आकडा आला की आपली माणसे खचलेली ठरतात. जास्त आला की 'यांना सोसायची सवयच आहे' म्हणून मदतीच्या यादीतून नाव गळते. म्हणून माणसाला विचारताना गावालाही विचारले पाहिजे: पाणी कुणी दिले, दार कुणी लावून घेतले, पंचनामा कुणाच्या घरापर्यंत पोचला?

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या धीरात माझ्या आईची मजुरी आहे आणि साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेले ते नाव आहे.

पुढच्या खेपेला आम्ही कागदावर दहावी ओळ वाढवली: दारात कोण आले? म्हातारीने त्या ओळीपुढे बोट ठेवले आणि एकेक नाव सांगू लागली.