मानमोडी

परवा माळा आवरताना आमचा जुना कुळवृत्तांत सापडला. अशी पुस्तकं हातात आली की आवरणं बाजूला राहतं, माझंही तेच झालं. पणजोबांच्या नावापुढे दोन पत्नी आहेत. दुसरी म्हणजे आमची पणजी. पहिलीपुढे एवढंच - "मृ. १९१८, अपत्य नाही."

आजीला तिच्या सासूकडून कळलेलं थोडं वेगळं होतं. "ती मानमोडीत गेली रे. आठवा महिना चालू होता."

म्हणजे अपत्य नाही, हे तितकंसं खरं नाही. ते जन्माला यायचं राहिलं.

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ती लाट तशी सौम्यच होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र भयंकर निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. त्यात त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, लोक आधीच अर्धपोटी. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींच्या आसपास जातात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या चक्क घटली!

एरवी फ्लू म्हातारे आणि तान्ही मुलं नेतो. या साथीने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं नेली, आणि आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त. घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार त्याच करणार, आणि जेवायला शेवटी बसणाऱ्याही त्याच.

त्यातल्या गरोदर किती होत्या? आपल्याकडचा आकडा मला सापडला नाही. अमेरिकेत डॉ. हॅरिस यांनी १९१९ मध्ये तेराशे पन्नास गरोदर रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या २७ टक्के दगावल्या. निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला, आणि तो झालेल्यांपैकी निम्म्या गेल्या. न्यूमोनिया झालेल्या निम्म्याहून अधिक जणींचा गर्भपात तरी झाला किंवा दिवस भरण्याआधीच प्रसूती झाली. न्यूमोनिया न झालेल्यांमध्येही चौघींत एकीचं तेच.

कारण समजायला अवघड नाही. वाढत्या गर्भाने श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांना जागा कमी, आणि प्राणवायू तर दोघांना पुरवायचा. शिवाय गरोदरपणात शरीराची प्रतिकाराची पद्धतही बदलते.

मला खटकलं ते पुढचं. हे १९१९ मध्येच छापून आलं होतं, तरी दर साथीत तो धडा नव्याने गिरवावा लागला. १९५७च्या साथीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बाळंतपणाच्या वयाच्या ज्या स्त्रिया फ्लूने गेल्या, त्यातल्या निम्म्या गरोदर होत्या. २००९चा स्वाइन फ्लू तर पुणेकरांना सांगायलाच नको, देशातला पहिला बळी तिथलाच. त्या साथीत अमेरिकेत गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या साधारण एक टक्का, आणि मृतांमध्ये पाच टक्के. कोविडमध्येही आपल्याकडे गरोदर स्त्रियांना लस घ्यायची परवानगी मिळाली ती जुलै २०२१ मध्ये, दुसरी लाट येऊन गेल्यावर.

हे सगळं आत्ताच का आठवलं? माझ्या पुतणीला सहावा महिना आहे. डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली, तर ती मला विचारते, "काका, या दिवसांत उगाच इंजेक्शन कशाला?"

मी तिला ढाक्याची गोष्ट सांगितली. तिथे ३४० गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आयांना फ्लूची लस दिली होती, त्यांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत फ्लूचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला जे संरक्षण मिळतं ते आईच्या रक्तातून, वारेमधून. आणि या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो. बाकी शंका डॉक्टरांना विचार म्हटलं, मी काही डॉक्टर नाही.

तिने काल लस घेतली. हात दुखतोय म्हणून फोनवर कुरकुरत होती. दुखू दे.

असो. कुळवृत्तांतात "अपत्य नाही"च्या पुढे मी पेन्सिलीने "आठवा महिना होता" असं लिहून ठेवलंय. छापलेलं आहे ते तिचं सासरचं नाव. माहेरचं नाव आपल्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा, तेही लिहून ठेवीन.