खिडकीची चौकट : लिनक्स डेस्कटॉपवरील एका अधिकाराचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावरील खिडकीस बहुधा एक चौकट असते. शीर्षकपट्टी, कडा आणि खिडकी लहानमोठी वा बंद करण्याची बटणे हे तिचे घटक होत. ही चौकट ॲप्लिकेशनने काढावी की डेस्कटॉपने, हा प्रश्न वरकरणी सजावटीचा भासला तरी वस्तुतः तो अधिकाराचा आहे.

लिनक्सला वारशाने लाभलेली एक्स विंडो प्रणाली १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली निघाली. साधने पुरवावीत, धोरण ठरवू नये, हे तिचे मूलतत्त्व होय. त्यास अनुसरून चौकटीचे काम विंडो मॅनेजर नामक स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपविले गेले. चौकट नको असलेल्या ॲप्लिकेशनने आपल्या खिडकीवर तशी नोंद ठेवावी, अशी रीत मोटिफ या संचाने पाडली. या नोंदीस 'हिंट' म्हणत, आणि ते नाव अन्वर्थक होते. कारण ती सूचना होती, आज्ञा नव्हे. मोटिफ मागे पडले, तरी ही नोंद इतर डेस्कटॉपांनी जपली.

२००८ साली क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी वेलँडची उभारणी आरंभिली. तिच्या मूळ नियमांत चौकटीची तरतूद नव्हती. ती ॲप्लिकेशनने काढावी, असे गृहीत होते. २०१३ साली ग्नोम ३.१० या आवृत्तीने शीर्षकपट्टी व साधनपट्टी एकत्र आणल्या. त्यामुळे जागा वाचली. परंतु ॲप्लिकेशन गोठले की त्याने काढलेली बटणेही निश्चेष्ट होऊ लागली. केडीईने डेस्कटॉपकडील चौकटीचा आग्रह सोडला नाही. २०१८ साली एक्सडीजी-डेकोरेशन हा पूरक नियमसंच आला. त्यानुसार ॲप्लिकेशन पसंती कळविते आणि निर्णय डेस्कटॉपचा कंपोझिटर देतो. ग्नोमने तो अंगीकारला नाही. म्हणून तेथे वेलँडवरील काही ॲप्लिकेशनांस लिबडेकॉर या सहायक संचाचा आश्रय घ्यावा लागतो.

सारांश, दोन्ही व्यवस्थांत ॲप्लिकेशनचे म्हणणे विनंतीच्या स्वरूपाचेच राहिले. बदलला तो मौनाचा अर्थ. एक्समध्ये मौन पाळणाऱ्या ॲप्लिकेशनला चौकट आपोआप मिळे. वेलँडमध्ये मौन म्हणजे चौकटीची जबाबदारी स्वतःवर घेणे होय. वापरणाऱ्यास सर्व खिडक्यांचे रूप एकाच ठिकाणाहून ठरविता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी या गृहीतावरच अवलंबून आहे.