केदामोस? : ‘भेटू एकदा’पासून ‘ठरलं’पर्यंत



एमएस्सीच्या रूममेटला गेल्या वर्षभरात मी किमान दहा वेळा "भेटू रे एकदा" म्हटलं असेल. भेटलो शून्य वेळा. पीएचडीत हे असंच चालायचं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. मग स्पॅनिशच्या क्लासला ‘मित्रांसोबत बेत ठरवणे’ हा धडा आला आणि मी एका क्रियापदापाशीच अडकलो: केदार.

केदारचा मूळ अर्थ ‘राहणे’. त्याचा उगम लॅटिनमधल्या ‘शांत करणे’ अशा अर्थाच्या क्रियापदात आहे. त्याच शब्दाने आज स्पेनमध्ये भेट ठरवतात. "केदामोस आ लास ओचो" म्हणजे आठ वाजता भेटायचं ठरलं. गंमत म्हणजे आपलं ‘ठरणं’सुद्धा असंच आहे, ते हिंदीतल्या ‘ठहरना’चं भावंड. हलायचं थांबलं, ते ठरलं! आणि "आ वेर सी केदामोस" म्हणजे अगदी आपलं "बघू, भेटू एकदा". त्यातून तिथेही बहुतेक वेळा काही निष्पन्न होत नाही.

पण एकोणिसाव्या शतकातल्या माद्रिदमध्ये या अडचणीवर एक जुना उपाय होता: तेर्तुलिया. ठरलेला कॅफे, ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ. रोज कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याला जमेल तो येऊन बसणार. थोडक्यात, कट्टाच. मेंदूविज्ञानाचा पाया घालणारे सांतियागो रामोन ई काहाल 1892 मध्ये माद्रिदला प्राध्यापक म्हणून आले आणि तिथल्या कॅफे सुईसोमधल्या अशाच टेबलाचे नेमाने येणारे सदस्य झाले. पुढे कॅफेतल्या गप्पांवर त्यांनी एक अख्खं पुस्तकही लिहिलं.

काहालांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची भेट मात्र त्याआधीची. 1887 मध्ये, वालेन्सियाला प्राध्यापक असताना, ते कामानिमित्त माद्रिदला आले होते. तेव्हा लुईस सिमार्रो या डॉक्टरांच्या घरी त्यांनी गोल्जी पद्धतीने रंगवलेल्या चेतापेशी पाहिल्या. ही पद्धत गोल्जींनी 1873 मध्येच प्रसिद्ध केली होती, पण चौदा वर्षं झाली तरी ती फारसं कुणी वापरत नव्हतं. काहालांनी ती सुधारली, आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते याचे पुरावे 1888 पासून मांडायला सुरुवात केली. 1906 चं नोबेल त्यांना गोल्जींसोबत विभागून मिळालं. गोल्जी मात्र शेवटपर्यंत उलट मताचे, म्हणजे चेतासंस्था हे एक अखंड जाळं आहे असं मानणारे.

आता इथे थोडं थांबू या. "गप्पा मारा, नोबेल मिळेल" असा निष्कर्ष काढला तर तुमचा गाइड तुम्हाला दारात उभं करणार नाही. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कट्ट्यावर बसून काहीच न केलेल्यांची नोंद इतिहासात सापडत नाही. शिवाय कॅफेतली ही टेबलं बहुतांशी पुरुषांचीच होती, म्हणजे निम्म्या समाजाला तिथे खुर्चीच नव्हती. आणि बार्सिलोनात असताना याच काहालांना बुद्धिबळाचं इतकं वेड लागलं होतं, की काम मागे पडू लागलं तेव्हा त्यांनी ते ठरवून सोडलं.

मला वाटतं, शिकण्यासारखं आहे ते हेच. त्यांनी बुद्धिबळ सोडलं, माणसं सोडली नाहीत. संशोधनात नवी पद्धत बरेचदा पेपर वाचून नाही, तर कुणीतरी "हे बघ" म्हणून दाखवल्यावर डोक्यात शिरते. त्यासाठी त्या घरी, त्या टेबलापाशी आपण असावं लागतं. आणि अर्धवट डेटा घेऊन रात्री अकराला लॅबमध्ये एकटं बसलेलं असताना कुणाला फोन करावा हेच सुचत नसेल, तर तो प्रश्न नोबेलपेक्षा मोठा आहे.

परवा रूममेटला मेसेज केला: "दर शनिवारी पाच वाजता, जुन्या टपरीवर. येशील तेव्हा ये, मी असेन."

पहिल्या शनिवारी तो आला नाही. मी एकट्याने चहा घेतला, एक पेपर वाचला. दुसऱ्या शनिवारी आला, सोबत त्याच्या लॅबमधल्या दोघींना घेऊन.

तुमचं टेबल कुठलं? नसेल, तर आधी वार आणि वेळ ठरवा.