कोपराची कुळकथा

मराठीत कोपरखळी म्हटलं की आता कुणाला कोपर आठवत नाही, शब्दांनी काढलेला चिमटा आठवतो. व्यावसायिक सायकल-शर्यतीत मात्र कोपरखळी अजून शब्दशः जिवंत आहे. शेवटचा किलोमीटर डोळ्यांसमोर आणा. वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेलेला, आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर. दोन्ही हात हँडलबारच्या खालच्या वाकणात घट्ट, पाय पेडलला अडकवलेले. अशात शेजारचा अंगावर झुकतो. हात सोडता येत नाही; ब्रेक दाबावा तर मागचे अंगावर कोसळतील. आपली जागा राखायला शरीराचं मोकळं काय उरतं? कोपर, खांदा आणि डोकं. दूरचित्रवाणीवर हे दृश्य संथ गतीत दाखवतात तेव्हा ते गुंडगिरीसारखं दिसतं, आणि दर काही वर्षांनी एखादा मोठा अपघात झाला की खेळाडूंचे संस्कार बिघडल्याची चर्चा सुरू होते. या धक्क्याची वंशावळ तपासली तर वेगळंच हाती लागतं. तो रागातून जन्मलेला नाही, वाऱ्यातून जन्मलेला आहे. आणि त्याला जीवघेणं रूप आलं ते कोपरामुळे कमी, रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या कठड्यामुळे जास्त.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि वेग वाढतो तसा हा खर्च वेगाच्या घनाच्या पटीत चढत जातो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की यातला मोठा वाटा वाचतो. २०१८ साली बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या पेलोटनचा, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य घोळक्याचा, अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात सुरक्षित बसलेल्या स्वाराला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत हवेचा अवघा ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे दुसऱ्याच्या पाठीमागची हातभर जागा ही या खेळातली सर्वांत मौल्यवान मालमत्ता आहे, आणि तिच्यावर कुणाचंही नाव लिहिलेलं नसतं. ज्या चाकामागे एकालाच आडोसा मिळतो त्या चाकामागे दोघं आले की अंगाला अंग लागणारच. मुंबईच्या लोकलच्या दारात सकाळी बसणारा धक्का माणसाच्या स्वभावातून येत नाही, दाराच्या रुंदीतून येतो, तसंच हे.

पण हा आडोसा नेहमीच प्रतिस्पर्ध्याकडून घ्यावा लागत होता असं नाही, आणि कुळकथेतला खरा वळणबिंदू इथे आहे. १८६९च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत जेम्स मूर जिंकला तेव्हा जड सायकली आणि खराब रस्ते यांनीच स्वार एकमेकांपासून दूर फेकले जात. १८९१ साली बोर्दो–पॅरिस ही शर्यत सुरू झाली. तिथे स्वारांसमोर वाट कापणारे वेगकरी ठेवलेले असत. ते ताज्या दमाने पुढे येत, वारा अंगावर घेत, थकले की बाजूला होत. जी. पी. मिल्स या इंग्रज स्वाराने ती पहिली शर्यत साडेसव्वीस तासांत जिंकली. म्हणजे आडोशाची सोय आधीच लावून दिलेली असे, त्यासाठी प्रतिस्पर्ध्याशी झोंबायची गरज नव्हती. १९०३ साली आंरी देग्रांज यांनी टूर द फ्रान्स सुरू केली ती या व्यवस्थेच्या विरोधात. त्यांना हवा होता तो स्वतःच्या बळावर झुंजणारा एकटा वीर. वेगकऱ्यांना त्यांनी आपल्या शर्यतीतून बाजूला सारलं. हेतू उदात्त होता, परिणाम उलटा झाला. मदतनिसाची पाठ गेली, तेव्हा शर्यतीत एकच पाठ उरली आणि ती प्रतिस्पर्ध्याची होती. ज्याला हरवायचं त्याच्याच मागे लपायचं, हा या खेळाचा मूळ पेच तिथे पक्का झाला. देग्रांज यांना हे कळत होतं आणि सलतही होतं. १९२७ साली त्यांनी सपाट टप्प्यांवर संघांना वेगवेगळ्या वेळी सोडून घोळका मोडून पाहिला. शर्यत नीरस झाली, तो प्रयोग टिकला नाही, घोळका परत आला.

इथे एक आक्षेप हमखास येतो: सायकल-शर्यत तर पहिल्यापासूनच दांडगाईची होती, १९०४ची टूर आठवा. त्या वर्षी सेंत-एतिएनजवळच्या घाटात फॉर या स्थानिक स्वाराच्या चाहत्यांनी रात्री इतरांवर हल्ला केला, जोव्हानी जेर्बी जखमी झाला. पुढे मोरिस गारांसह पहिले चारही क्रमांक बाद ठरून १९ वर्षांच्या आंरी कॉर्नेला विजेतेपद मिळालं. हे सगळं खरं आहे. पण तो हल्ला रस्त्याबाहेरून आला होता, काठ्या-दगड घेऊन आलेल्या गर्दीचा होता. दोन स्वारांमधल्या स्पर्शाशी त्याचं नातं नाही. दोन्हींना एकाच पंक्तीत बसवलं की कोपराला नसलेला गुन्हा चिकटतो. स्वारांमध्ये अधूनमधून खरी मारामारीही होते. २०१८च्या टूरमध्ये जान्नी मोस्कोनला दुसऱ्या स्वारावर हात उगारल्याबद्दल हाकललं गेलं. १९९७ साली टॉम स्टील्सने भर स्प्रिंटमध्ये, म्हणजे अंतिम रेषेकडच्या भरधाव चढाओढीत, फ्रेदेरिक मोंकासँवर पाण्याची बाटली भिरकावली आणि तोही घरी गेला. हात मोकळा सोडून मारणं हा अपराध आहेच. मात्र हँडलबार न सोडता कोपराने जागा धरणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचं घराणंही वेगळं आहे.

ते घराणं लाकडी वेलोड्रोमचं, म्हणजे सायकल-शर्यतींच्या गोलाकार धावपट्टीचं आहे. न्यूयॉर्कमध्ये कायद्याने एका स्वाराला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातल्यावर १८९९ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली सहा दिवसांची शर्यत दोघा-दोघांच्या जोड्यांनी धावायला लागली. त्यातून जो प्रकार रुळला त्याला आजही मॅडिसन म्हणतात. एक जोडीदार वेगात असतो, दुसरा वरच्या बाजूने हळू फिरत असतो; पाळी बदलताना पहिला दुसऱ्याचा हात धरतो आणि स्वतःचा वेग त्याच्या हातातून पुढे फेकतो. हिवाळाभर हे रोज शेकडो वेळा करायचं, तेही आजूबाजूला डझनभर जोड्या फिरत असताना. दुसऱ्याचं शरीर अंगाला लागलं की दचकायचं नाही, हा धडा स्वार इथे शिकत. स्पर्श इथे शत्रूचा नव्हता, जोडीदाराचा होता. बेल्जियमचा रिक व्हान स्टीनबर्गेन हिवाळ्यात याच धावपट्ट्यांवर राबायचा, त्याने सहा दिवसांच्या ४० शर्यती जिंकल्या, आणि रस्त्यावरचं जागतिक विजेतेपदही तीनदा घेतलं, १९४९, १९५६ आणि १९५७ मध्ये. असे स्वार वसंतात फ्लँडर्सच्या रस्त्यांवर उतरले तेव्हा लाकडावर कमावलेलं कसब त्यांच्याबरोबर रस्त्यावर आलं. हा ओघ पुढेही थांबला नाही. मार्क कॅव्हेंडिश रस्त्यावर नाव काढण्याआधी मॅडिसनचा जागतिक विजेता होता, तर ऑस्ट्रेलियाचा रॉबी मॅक्यूअन लहान चाकांच्या बीएमएक्स शर्यतींतून आला होता. तिथे पहिल्याच वळणावर आठ जण एकदम घुसतात.

या कसबाचं तंत्र जवळून पाहिलं तर त्यातली शहाणीव दिसते. सायकल तोल राखते ती पुढचं चाक सतत किंचित इकडे-तिकडे वळवून. म्हणून सर्वांत धोकादायक स्पर्श हा चाकाचा किंवा हँडलबारचा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक घासलं की बहुधा मागचाच पडतो, कारण तोल सावरायला लागणारी ती हालचालच त्याला करता येत नाही. दोन हँडलबार एकमेकांत अडकले तर दोघंही जातात. कोपर बाहेर काढून आणि सैल ठेवून स्वार हँडलबारभोवती एक कुंपण घालतो. शेजारी झुकला तर धक्का आधी कोपराला लागतो, तिथेच जिरतो, चाकापर्यंत पोचत नाही. कोपर ताठ ठेवणारा नवखा हाच धक्का थेट हँडलबारमध्ये जाऊ देतो. म्हणून स्प्रिंटमधून स्पर्श पूर्ण हद्दपार करा, ही मागणी ऐकायला सुरक्षित वाटली तरी तिने पडझड वाढेल अशीच माझी खात्री आहे. यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमही मुळात स्पर्शाबद्दल नाही, रेषेबद्दल आहे: स्प्रिंट सुरू करताना जो पट्टा धरला तो सोडून दुसऱ्याला धोक्यात आणायचं नाही.

स्पर्धा जशी संघटित झाली तशी आडोशाची बाजारपेठही तापली. १९६०च्या आसपास रिक व्हान लॉयच्या लाल जर्सीतल्या संघाने आपल्या नायकाला शेवटच्या किलोमीटरांत एकामागून एक आडोसा देत रेषेपर्यंत आणायची रीत बसवली. १९९०च्या दशकात मारिओ चिपोलिनीच्या संघाने तिची आगगाडी केली. वेगकरी परत आला होता, फक्त आता तो आपल्याच संघातला होता. एक गाडी असती तर सारं शिस्तीत चाललं असतं. पाच-सहा गाड्या एकाच रस्त्यावर धावू लागल्या तेव्हा डबे एकमेकांवर घासू लागले. १५ जुलै २०१० रोजी बूर्ग-ले-व्हालाँसमध्ये मार्क रेनशॉ कॅव्हेंडिशला घेऊन पुढे होता. जूलियन डीन शेजारून त्याच्यावर झुकला, दोघांची कोपरं अडकली आणि रेनशॉने डीनला तीनदा डोक्याने ढकललं. लगेच तो बाजूला सरकला तेव्हा टायलर फरारची वाट बंद झाली. रेनशॉला स्पर्धेतूनच काढलं गेलं. वाट बंद केल्याची शिक्षा मला योग्य वाटते. डोक्याच्या धक्क्याबद्दल मात्र विचारावंसं वाटतं: कोपर अडकलेलं, हात गुंतलेले, त्या क्षणी त्याच्याकडे दुसरं काय शिल्लक होतं?

आता कठड्याकडे वळू, कारण पुरावा तिथे सर्वांत ठळक आहे. १९८८, जागतिक अजिंक्यपद, बेल्जियममधलं रॉन्से. घरच्या मैदानावर क्लोद क्रिकेलियों कॅनडाच्या स्टीव्ह बावर आणि कठडा यांच्यामधून पुढे जायला निघाला, बावरचं कोपर बाहेर आलं, क्रिकेलियों कठड्यावर आदळला आणि मागून आलेला मॉरिझियो फोन्ड्रिएस्ट जगज्जेता झाला. बावर बाद ठरला, क्रिकेलियोंने त्याच्यावर खटला भरला, अनेक वर्षांनी निकाल बावरच्या बाजूने लागला. २०१७, व्हितेल. कॅव्हेंडिश हा पीटर सागान आणि कठडा यांच्यामधून निघाला, सागानचं कोपर बाहेर आलं, कॅव्हेंडिशच्या खांद्याचं हाड मोडलं. सागानला हाकललं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यूसीआयनेच हा हेतुपुरस्सर नसलेला दुर्दैवी अपघात असल्याचं मान्य केलं. ५ ऑगस्ट २०२०, पोलंडमधलं कातोवित्से. फाबियो याकोबसेन हा डायलन ग्रूनेवेगन आणि कठडा यांच्यामधून निघाला. तीन दशकं, तीन देश, आणि आकृती तीच. पुढचा स्वार कठड्याला धरून जातो, कारण मग त्याला एकच बाजू राखावी लागते; मागच्याला आडोसा आणि जवळची वाट दोन्ही त्याच चिंचोळ्या फटीत दिसतात. मोकळ्या रस्त्यावर तोच कोपराचा धक्का बसला असता तर स्वार वाकडा होऊन सावरला असता. इथे सावरायला जागाच नव्हती.

यावर रास्त आक्षेप असा की मग ग्रूनेवेगनचा दोष काहीच नाही का? आहे, आणि तो पुसता येणार नाही. त्याने आपली रेषा सोडली, याकोबसेनला कठड्यात दाबलं. नऊ महिन्यांची बंदी त्याला मिळाली आणि ती कमी होती असं म्हणणाऱ्यांशी वाद घालावासा वाटत नाही. याकोबसेन कोमात होता, चेहऱ्यावर १३० टाके पडले, दात गेले. तो पुन्हा उभा राहिला आणि २०२२ साली टूरचा टप्पा जिंकला, हे त्याचं कर्तृत्व. पण कातोवित्सेची ती अंतिम रेषा उतारावर होती, वेग ताशी ८० किलोमीटरच्या घरात गेला होता आणि धडकेसरशी कठड्याचे तुकडे उडून रस्त्यावर आले. एका माणसाच्या चुकीची किंमत एवढी मोठी व्हावी, अशी सोय आधीच करून ठेवलेली होती. बंदी ग्रूनेवेगनच्या नावावर लागली. उताराला आणि कठड्याला नाव नसतं.

कठडाच नको, असंही म्हणता येत नाही. १९९४ साली आर्मांतिएरला फोटो काढायला पुढे सरकलेल्या पोलिसावर विल्फ्रीड नेलिसन भरवेगात आदळला, लोराँ जालाबेरही पडला. गर्दी दूर ठेवायलाच हवी. प्रश्न कठड्याच्या घडणीचा आहे. १९९१ साली पॅरिसच्या शाँझेलिझेवर हिरव्या जर्सीतला जमालिदिन अब्दुजापारोव्ह कडेच्या जाहिरातीच्या अडथळ्याला धडकून उलटापालटा झाला, तेव्हाच हे कळायला हवं होतं. नंतर आलेल्या दोन उपायांची जात वेगळी आहे. २०२५ पासून यूसीआयने पिवळी कार्डं लागू केली. एकाच शर्यतीत दोन मिळाली की स्वार बाद आणि सात दिवस घरी. हा उपाय माणसाकडे पाहतो. दुसरा जागेकडे पाहतो: २०१८ पासून मोठ्या शर्यतींत संघ लहान केले गेले, टूरमध्ये नऊऐवजी आठ स्वार, पुढे शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडलेल्याला घोळक्याचीच वेळ देणाऱ्या सवलतीची हद्द काही टप्प्यांत ५ किलोमीटरपर्यंत नेता येऊ लागली, त्यामुळे एकूण विजेतेपदाचे दावेदार स्प्रिंटच्या गर्दीत घुसायचे थोडे आधी थांबू शकतात. कातोवित्सेनंतर बेल्जियममधल्या शर्यतींत कृत्रिम द्रव्याचे, रस्त्यापासून मागे कललेले कठडे दिसू लागले. त्यांचे पाय रस्त्यावर येत नाहीत, सांध्यात पेडल अडकत नाही, आणि अंगावर आलेला स्वार तिथे आदळण्याऐवजी घसरत पुढे जातो. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि थोडा लवचीक असतो. शेजारच्या कसलेल्या स्वाराचं सैल कोपर धक्का जसा घेतं, साधारण तसाच तो घेतो.